वाहेद मास्तरांचा अर्धा गुण

माणसाला आयुष्यात काय काय कमी पडतं याला काही धरबंध नाही. कुणाला जागा कमी पडते, कुणाला झोप, कुणाला डोक्यावरचे केस. अकोल्याच्या वाहेद मास्तरांना दोन हजार सहा सालच्या डिसेंबरात फक्त अर्धा गुण कमी पडत होता, आणि तोसुद्धा बुद्धिबळाचा. बुद्धिबळात डाव जिंकला की एक गुण, बरोबरीत सुटला की अर्धा. हरल्यावर काय मिळतं ते मास्तरांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आंतरराष्ट्रीय मानांकन नावाची एक चीज असते. जगभरच्या खेळाडूंची एक यादी असते, तिच्यात आपलं नाव आणि नावापुढे एक आकडा. त्या यादीत शिरायचं तर आधीच शिरलेल्या लोकांना गाठून त्यांच्याशी दोन वर्षांच्या आत नऊ डाव खेळावे लागत, आणि दर स्पर्धेत त्यांच्याकडून निदान एक गुण काढावा लागे. मास्तर हा उद्योग एकोणीस वर्षं करत होते. डाव भरत आले की वर्षं संपायची, आणि वर्षं शिल्लक असली की समोर यादीतला कुणी येईच ना. नाशिक, सांगली, नागपूर, कुठे कुठे म्हणून ते गेले नव्हते. एस. टी.च्या मागच्या सीटवर मांडीवर पट ठेवून त्यांनी जेवढे डाव स्वतःशी खेळले, तेवढे घरच्या पलंगावर बसूनही खेळले नसतील. पण यंदा जमलं होतं. आठ डाव झालेले, अमरावतीची स्पर्धा चालू, त्या स्पर्धेतला अर्धा गुण खिशात आणि शेवटची फेरी बाकी. समोर आकडेवाला येणार हेही ठरलेलं. आता अर्धा गुण, म्हणजे नुसती एक बरोबरी.

ही हौस असती तर गोष्ट सांगायची गरज नव्हती. मास्तर शिकवून पोट भरत. सोमवारी तेल्हारा, बुधवारी चांदूर बाजार, शुक्रवारी तिवसा, असं त्यांचं आठवड्याचं वेळापत्रक होतं. खांद्याला झोळी, झोळीत गुंडाळलेले रेक्झिनचे पट आणि प्लॅस्टिकच्या सोंगट्या. पण कापसाच्या मुलुखाला कसली नजर लागली कोण जाणे, एकेक वर्ग मिटत गेला. तेल्हाऱ्याचे पालक म्हणाले, मास्तर, यंदा पोट्ट्याईले वावरात न्या लागते. चांदूर बाजारात वर्गाला तीन मुलं उरली, पैकी दोन भाऊ होते आणि ते एकमेकांशीच खेळत. तिवशाच्या समाजमंदिरात शेतकऱ्यांचं मनोधैर्य वाढवायचं सरकारी केंद्र उघडलं आणि वर्गाला जागाच राहिली नाही. तिथल्या साहेबांनी मास्तरांना दिलाशाने सांगितलं, तुम्हाला हवं तर तुम्हीही येऊन बसत चला. मास्तर एक दिवस बसलेही.

राहिली ती अकोल्यातली एक इंग्रजी शाळा. तिच्या प्राचार्यांनी दिवाळीनंतर मास्तरांना बोलावून गोड शब्दांत सांगितलं, की पालक मागणी करत आहेत, जानेवारीपासून शाळेत मानांकित प्रशिक्षकच ठेवायचा आहे. नागपूरचा एक टायवाला तरुण तयार आहे, पण तुम्ही जुने, तुम्हाला डिसेंबरअखेरपर्यंत वेळ. आठ डावांपैकी पहिल्या तीन डावांची दोन वर्षंही नेमकी डिसेंबरअखेरच संपत होती. म्हणजे या अर्ध्या गुणावर मास्तरांची यादी, शाळा आणि घरातली चूल एकदमच टांगलेली होती.

ही बातमी गुप्त ठेवायची असं त्यांनी ठरवलं होतं. पण शेजारी जानराव राहत. जानराव म्हणजे एस. टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, आणि निवृत्तीनंतरही कुणी कुठे उतरायचं हे तेच ठरवत. त्यांनी मास्तरांना न विचारता पेंटरकडून पाटी रंगवून आणली: 'आंतरराष्ट्रीय मानांकित बुद्धिबळ प्रशिक्षक'. कोपऱ्यात घोडा होता. पेंटरने तो पोळ्याच्या बैलासारखा काढला होता, झूल वगैरे घालून, फक्त शिंगं तेवढी नव्हती.

"जानराव, अजून अर्धा गुण राह्यला हाये," मास्तर म्हणाले.

"अर्धाच ना? अर्धं तिकीट तर आमी पोट्ट्याईले असंच देत होतो," जानराव म्हणाले आणि खिळा कुठे ठोकायचा ते पाहू लागले.

मास्तरांनी हातापाया पडून पाटी घरात, कपाटामागे ठेववली.

आता नववा डाव खेळायचा तर सरळ खेळावा की नाही. पण स्पर्धेच्या चौथ्या दिवशी, सकाळची फेरी संपल्यावर, पंचांना अचानक आठवलं की अकोल्याच्या खेळाडूने अमरावतीत खेळायचं तर अकोल्याच्या मंडळाचं ना-हरकत पत्र लागतं. हे पंच पुण्याकडचे, तरुण, गळ्यात ओळखपत्र. ओळखपत्राच्या दोरीने ते सतत मान खाजवत.

"चार दिवस मी खेळून राह्यलो, तवा हरकत नोती?" मास्तरांनी विचारलं.

"तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं," पंच सरळ म्हणाले. "उद्या नऊला शेवटची फेरी. पत्र आणा, नाहीतर तुमचे डाव अहवालात जाणार नाहीत."

मास्तर दुपारच्या गाडीने अकोल्याला आले. मंडळाचे सचिव महादेवराव यांचं खत-बियाण्यांचं दुकान होतं. महादेवरावांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि दुकानाच्याच छापील कागदावर झोकात पत्र लिहून सही ठोकली. कागदाच्या माथ्यावर कापसाचं टपोरं बोंड होतं आणि खाली 'उगवण क्षमतेची हमी' असं लिहिलं होतं.

"शिक्का?" मास्तरांनी विचारलं.

"शिक्का मायाजवळ कुठी हाये जी? शिक्का मावळत्या सचिवाजवळ हाये."

हे मावळते सचिव तीन वर्षं मावळत होते. निवडणूक त्यांना मान्य नव्हती, म्हणून त्यांनी शिक्का सोडला नव्हता. मास्तर सायकल मारत त्यांच्या घरी गेले. त्यांनी पत्र आधी दूर धरून वाचलं, मग जवळ धरून वाचलं आणि म्हणाले, "तुमचं काम हाये म्हणून मारतो शिक्का. पण महादेवरावच्या सहीच्या बाजूले नाई मारन. सहीवरच मारन."

"बराबर मधात?"

"बराबर मधात. त्याची सही मले कागदावर दिसली नाई पायजे."

पण शाईचा पॅड वाळून खडंग झाला होता. तीन वर्षांत शिक्का मारायचा प्रसंगच आला नव्हता. शेवटी सचिवांच्या बायकोने कपड्यांना घालायची नीळ वाटीत कालवून आणली. मावळत्या सचिवांनी सगळा राग एकवटून शिक्का मारला, आणि त्या जागी ना सही राहिली ना शिक्का, एक ओला निळा गोल तेवढा पसरला. मास्तर तो कागद वाळेस्तोवर हातात आडवा धरून घरापर्यंत चालत आले, सायकल दुसऱ्या हाताने ढकलत.

कुलसुमबी शिलाई मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी कागद पाहिला, नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि काही विचारलं नाही. सकाळी डबा देताना मात्र म्हणाल्या, "सुनो जी, आज तुम्हारी शराफत घर पे रखके जाव. सांगलीत त्या पोट्ट्याले रडू आलं तर तुमी त्याले खेळी वापस घेऊ देली. आज कोनी रडो, कोनी मरो, अर्धा पॉइंट लेके आव बस."

"लातो," मास्तर म्हणाले.

गाडी जानरावांनी ठरवून दिली होती. साडेसहाची. "सत्तावीस वर्षं या रोडवर घंटी मारली म्या. साडेआठाले अमरावतीत नाई उतरले तर मायं नाव बदलून टाकजा."

साडेसातला, मूर्तिजापूरच्या अलीकडे, गाडी थांबली. पुढे ट्रक, ट्रकपुढे गाड्या, आणि नजर पोचेल तिथवर तेच. कापसाच्या भावासाठी रास्ता रोको होता. मास्तरांनी कंडक्टरला विचारलं, किती वेळ. तो म्हणाला, "भाव वाढेलोक."

मास्तर झोळी घेऊन खाली उतरले आणि चालू लागले. अर्धा तास चालल्यावर रास्ता रोकोचं तोंड आलं. डांबरी सडकेवर चार बैलगाड्या आडव्या, मागे कापसाचे ट्रॅक्टर आणि पुढे शंभरएक माणसं निवांत बसलेली. पुढारी अजून आले नव्हते, आणि टीव्हीवाले आल्याशिवाय येणारही नव्हते. आंदोलनात खरं काम असतं ते बसण्याचं, आणि बसून माणूस काय करणार? सडकेच्या मधोमध पंच्यावर कोळशाने पट आखून दोन म्हातारे बुद्धिबळ खेळत होते, आणि आत्ता या क्षणी ते एकमेकांची गचांडी धरायच्या बेतात होते.

"अरे हे पाहा, बुद्धिबळाचे मास्तरच आले," कुणीतरी झोळीवरची अक्षरं वाचून म्हणालं, आणि मास्तरांचा रस्ता बंद झाला. आधी फक्त अमरावतीचा बंद होता.

भांडण असं होतं. नत्थुजी नावाच्या म्हाताऱ्याने पुंजाराम नावाच्या म्हाताऱ्याचे सगळे मोहरे मारले होते, शेवटचं प्यादंसुद्धा, आणि मग उरलेल्या एकट्या राजावर मात केली होती. नत्थुजी म्हणत होते, मी जिंकलो. पुंजाराम म्हणत होते, राजा एकटा उरला म्हणजे बुर्जी झाली, डाव बरोबरीत.

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वाआठ. पण पुढ्यात पट असला आणि कुणी नियम विचारला की मास्तरांच्या तोंडाचा त्यांच्या पायांशी संबंध राहत नसे. हा खेळ, हा असाच देशी खेळ, ते तेल्हाऱ्याला भगवंतरावांच्या ओट्यावर शिकले होते. मास्तरांचे वडील पिंजारी, दुकान भगवंतरावांच्या घरासमोर. कापूस पिंजत असताना पोरगं सरकीसारखं पायात येऊ नये म्हणून त्यांनी ते समोर पाठवून दिलं, आणि भगवंतरावांनी आठ वर्षांच्या वाहेदला पटाशी बसवलं. त्या म्हाताऱ्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "सारं मारजो, पण समोरच्याचं शेवटचं मोहरं नको मारू बाप्पा. राजाजवळ एक तरी मानूस राहू दे. एकट्याले घेरून मारन्यात काय हाये?" आणि वाहेद एकदा चुकून मारून बसला तेव्हा भगवंतराव ओरडले नाहीत. त्यांनी पट झटकून घडी केली आणि महिनाभर उघडला नाही. त्या महिन्याने जे शिकवलं ते मास्तरांच्या बोटांत जाऊन बसलं होतं.

"पुंजारामजी बराबर हायेत," मास्तर म्हणाले. "नत्थुजी, तुमी शेवटचं प्यादं मारलं, बुर्जी झाली. डाव अर्धा-अर्धा. आन खरं सांगू का, या वयात हे शोभत नाई. ज्याले खेळता येते तो एक प्यादं ठेवून मात करते. त्यातबी आपल्या प्याद्यानं केली त खरी मात. एकल्या राजाले कोनीबी मारते."

नत्थुजींची मान खाली गेली. भोवतीच्या माणसांनी माना डोलावल्या. पुंजाराम इतके खूश झाले की त्यांनी पुतण्याला हाक मारून सांगितलं, "शिवम, मास्तरले अमरावतीले सोडून ये. आपला मानूस हाये."

शिवमची मोटारसायकल ढकलल्याशिवाय चालू होत नव्हती. चालू झाल्यावर ती थांबवता येत नव्हती, कारण थांबली की पुन्हा ढकलावी लागे. म्हणून बडनेऱ्याच्या अलीकडे एक म्हैस आडवी आली तेव्हा शिवमने गाडी न थांबवता शेतात घातली, कापसाच्या पराटीच्या दोन ओळी आडव्या केल्या आणि पुढे जाऊन सडकेला लावली. मास्तरांच्या पायजम्याला बोंडं चिकटली. शहरात शिरल्यावर पेट्रोल संपलं. शेवटचा तुकडा मास्तर धावले. पन्नाशीला टेकलेला माणूस झोळीतल्या सोंगट्या खडखडवत धावतो तेव्हा लोक बाजूला होतात, एवढाच काय तो फायदा.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. नऊला डाव सुरू झाले होते आणि मास्तरांचं घड्याळ त्यांच्या गैरहजेरीत चालू होतं. प्रत्येकाला आपल्या खेळ्यांसाठी एकूण दोन तास. तासभर कुणी आलंच नाही तर डाव गेला. मास्तर पोचले तेव्हा नऊ चोपन्न झाले होते. ते पटाकडे झेपावले तर पंच आडवे.

"आधी पत्र."

मास्तरांनी पत्र दिलं. पंचांनी कापसाचं बोंड पाहिलं, उगवण क्षमतेची हमी वाचली आणि निळ्या गोलावर बोट ठेवलं.

"हा शिक्का आहे की डाग?"

"शिक्काच हाये साहेब. खाली सहीबी हाये, उजेडात पाह्यजा."

लोडशेडिंग चालू असल्याने उजेड नव्हता. पंच दारापर्यंत गेले, कागद उन्हात धरला, उलटा केला. त्यात आणखी तीन मिनिटं गेली. शेवटी "बघू" म्हणत त्यांनी मास्तरांना सोडलं.

समोर नागपूरची आचल होती. वय अकरा, वेणीला लाल रिबन, खुर्चीवरून पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि नावापुढे चार आकडी मानांकन. तिची आई काचेच्या दाराबाहेर थर्मास घेऊन उभी होती. आचल तासभर बिस्किटं खात वाट पाहत होती.

"अंकल, मला वाटलं तुम्ही येतच नाही," ती म्हणाली आणि हात पुढे केला. मास्तरांनी बोंडाचे तंतू लागलेला हात पायजम्याला पुसून तिचा हात हातात घेतला.

आणि मग मास्तर खेळले. हे सांगायलाच हवं, कारण पुढे जे झालं त्यामुळे लोक ते विसरून गेले. एकोणीस वर्षांत ते इतकं सुंदर कधी खेळले नव्हते. मागच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशीच्या लग्नाची बुंदी पाडणं चालू होतं, पंखे बंद होते, कानावरून घाम ओघळत होता, पण त्या चौसष्ट घरांत सगळं स्वच्छ दिसत होतं. विसाव्या खेळीला त्यांनी तिचा उंट घेतला. तिसाव्या खेळीनंतर आचलने बिस्किटांचा पुडा बंद केला. बरोबरीचा विचारही आता करायचं कारण नव्हतं, मास्तर सरळ जिंकत होते. एक एक करत तिचे मोहरे पटाबाहेर आले. भोवती चार माणसं जमली. पंचही येऊन उभे राहिले.

बाराच्या सुमारास पटावर मास्तरांचा राजा, हत्ती आणि दोन प्यादी होती. आचलजवळ राजा आणि कडेला अडकलेलं एक प्यादं. ते प्यादं हत्तीच्या तोंडातच होतं. उचलायचं आणि बाजूला ठेवायचं, एवढंच. घड्याळात मास्तरांची चार-पाच मिनिटं उरली होती. या जुन्या चावीच्या घड्याळांत मोठा काटा बाराजवळ आला की लाल झेंडी हळूहळू वर उचलली जाते, आणि वेळ संपली की पडते. झेंडी वर उचललेली होती.

मास्तरांचा हात हत्तीवर गेला. आचलने खालचा ओठ दातात धरला होता आणि ती आपल्या त्या एका प्याद्याकडे पाहत होती. मास्तरांनी हत्ती उचलला, आणि हात आपोआप वळला. हत्ती प्याद्यावर न जाता शेजारच्या पट्टीत गेला, राजाची वाट अडवायला. त्यांनी तसं ठरवलं नव्हतं. ते ठरवण्याइतकं त्यांच्या डोक्यापर्यंत आलंच नाही. बोटांनी ते केलं, आणि केल्यावर मास्तरांना फार बरं वाटलं. पटावर एक नक्षी दिसू लागली होती. अजून चार खेळ्या, आणि त्यांच्या प्याद्याने मात बसणार होती. प्याद्याने, समोर एक मोहरं शिल्लक असताना. भगवंतरावांच्या ओट्यावरही अशी मात वर्षा-दोन वर्षांतून एकदा व्हायची, आणि त्या दिवशी सगळ्यांना गूळ मिळायचा.

एक खेळी झाली. दुसरी झाली. आचलचा राजा इकडून तिकडे पळत होता, ती विचार न करता पळवत होती आणि घड्याळाचं बटण दाबत होती. तिसऱ्या खेळीला मास्तरांनी नक्षी पुन्हा एकदा नजरेखालून घातली. चूक व्हायला नको होती. ती बरोबर होती. त्यांनी प्याद्यावर बोट ठेवलं.

"अंकल, तुमची झेंडी पडली," आचल म्हणाली.

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग पंचांकडे पाहिलं. पंच पुढे झाले, घड्याळ थांबवलं, पट पाहिला आणि निकालाच्या कागदावर लिहिलं: आचल एक, वाहेद शून्य.

"पन ती हरली होती ना साहेब," मास्तर म्हणाले. "अजून दोन खेळ्या होत्या."

"वेळ संपली. तिच्याजवळ प्यादं आहे. प्यादं असलं की कागदावर तरी ती मात करू शकते, म्हणून डाव तिचा." पंचांच्या आवाजात आता पंचगिरी नव्हती, त्यांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं. "तुम्ही ते प्यादं मारलं असतं तर तिच्याजवळ नुसता राजा उरला असता. मग झेंडी पडली असती तरी बरोबरी होती. तुम्हाला अर्धा गुण मिळाला असता. समोर होतं, फुकट होतं. का नाही मारलं?"

हा नियम मास्तरांना माहीत नव्हता असं नाही. तेल्हारा, तिवसा, चांदूर बाजार, तिन्ही ठिकाणी त्यांनी तो मुलांकडून वहीत उतरवून घेतला होता. नियम क्रमांकासकट. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. दारातून बुंदीचा वास येत होता.

"आमच्यात मारत नाई," मास्तर म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. आचलने पुन्हा हात पुढे केला, "थँक यू अंकल," म्हणाली आणि थर्मासकडे पळाली. पंचांनी खिशातून ते निळ्या डागाचं पत्र काढून मास्तरांना परत दिलं. "हे आता लागणार नाही," ते म्हणाले.

परतीची गाडी दोनची मिळाली. मास्तरांनी डबा उघडला नाही. डोळ्यांसमोर फक्त ते प्यादं होतं. त्यांना त्या प्याद्याचा राग आला, मग भगवंतरावांचा आला, आणि गेलेल्या माणसाचा राग आला म्हणून स्वतःची लाज वाटली. घरी कुलसुमबी विचारणार नाहीत, तोंड पाहतील आणि मशीन चालवू लागतील. शाळेत टायवाला येईल. आणि जानराव काही थांबले नसतील, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. मास्तर बाहेर पडल्यापासून आतापर्यंत ती पाटी कपाटामागून निघून दारावर लागली असणार, बहुतेक हार घालून.

मूर्तिजापूर गेलं आणि गाडी थांबली. रास्ता रोको तसाच होता. एकेक गाडी सोडत होते, तासाभराने आपली पाळी येईल असं कंडक्टरने सांगितलं. मास्तर खाली उतरले. उतरायचं काही कारण नव्हतं, बसून राहायचंही नव्हतं.

सडकेवर पंचा अजून पसरलेला होता. पुंजाराम आणि नत्थुजी भाकरी खाऊन पुन्हा मोहरे लावत होते.

"या मास्तर," पुंजाराम म्हणाले. "काय झालं तुमचं?"

"हरलो."

"काहून?"

मास्तरांनी सांगितलं. थोडक्यात सांगायचं म्हणून सुरुवात केली, पण सगळं सांगून झालं. हत्ती, प्यादं, झेंडी, आणि पंच काय म्हणाले तेही. दोघे म्हातारे ऐकत राहिले.

"म्हंजे त्याईच्यात शेवटचं प्यादं मारलं की बक्षीस हाये," नत्थुजी हळूच म्हणाले. "आन मले तुमी सकाळी चारचौघात लाजवलं."

पुंजारामांनी नत्थुजींना बाजूला सरकवलं. "बसा मास्तर. एक डाव खेळा मायासंगं. तुमाले बरं वाटन."

मास्तर सडकेवर मांडी घालून बसले. पुंजाराम बरे खेळत, पण मास्तरांपुढे ते काय टिकणार. अर्ध्या तासात पुंजारामांचा वजीर गेला, हत्ती गेले, घोडे गेले. मागे कुणीतरी घोषणा देत होतं, टीव्हीवाले आलेले दिसत होते. शेवटी पुंजारामांजवळ राजा आणि एक प्यादं राहिलं. मास्तरांचा वजीर समोरच होता. आता दोन खेळ्यांत मात, प्यादं जिवंत ठेवून, अगदी भगवंतरावांनी पाठ थोपटावी अशी.

मास्तर त्या प्याद्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी वजीर उचलला आणि प्यादं मारलं.

"मास्तर, हे काय केलं?" पुंजाराम म्हणाले. "बुर्जी झाली ना. जिंकला डाव होता तुमचा."

"बुर्जी झाली," मास्तर म्हणाले. "बरोबरी. अर्धा गुण."

त्यांनी खिशातून ते पत्र काढलं, मांडीवर उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला दोघांची नावं लिहिली. नावांपुढे अर्धा-अर्धा मांडला. खाली तारीख घातली, सही केली आणि कागद आणि पेन पुंजारामांपुढे धरलं.

"याच्यावर दोघाईच्या सह्या लागते."

पुंजारामांनी हात धोतराला पुसला आणि एकेक अक्षर जोडत सही केली. सही झाल्यावर त्यांनी कागद उलटा करून तो निळा डाग पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि मास्तरांना दिला.

"हे आता कुठी पाठवाचं?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी कागदाची घडी घातली, ती खिशात ठेवली आणि पुढच्या डावाचे मोहरे लावायला घेतले. मागे गाडीने दोनदा हॉर्न दिला.